एक्स्प्लेनर : बाह्या सुटणारं जॅकेट घ्यावं का? हिवाळी ट्रेकआधी हे वाचा

थंडी पडली की शॉपिंग ॲप्सवर ‘टू-इन-वन’ जॅकेटच्या जाहिराती सुरू होतात. चेन उघडा, बाह्या काढा, जॅकेटचं बिनबाह्यांचं जाकीट तयार. एका किमतीत दोन कपडे! ट्रेकसाठी मात्र मी हे जॅकेट सुचवणार नाही.

सूर्योदय बघायला रात्रीच कळसूबाई (१६४६ मीटर) चढायला घेतलं, की थोड्याच वेळात घाम फुटतो. उंची वाढली की तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटतं. पण खरा त्रास माथ्यावरच्या वाऱ्याचा. ओल्या टी-शर्टवर तो बसला की हुडहुडी भरते. म्हणजे चढताना कपडे कमी हवेत, थांबल्यावर लगेच जास्त. हे जॅकेट त्यासाठीच तर बनवलंय, मग अडतं कुठे?

खांद्यावर. बाहीची चेन नेमकी सॅकच्या पट्ट्याखाली येते. गेल्या डिसेंबरमध्ये माझ्या चेनमध्ये अस्तर अडकलं. बधिर बोटं, हेडटॉर्चचा उजेड, एक हात झाकलेला, एक उघडा. सोबतचे हसत होते, मी कुडकुडत होतो. (जोड वाढले की बिघाड वाढतो, हे इंजिनीअरिंगला शिकूनही विसरलो.) शिवाय बाह्या काढायला सॅक उतरवावीच लागते. मग अख्खं जॅकेट काढलेलं काय वाईट?

त्यापेक्षा आत फ्लीस आणि वर पातळ विंडचीटर, असे दोन सुटे थर बरे. घरी फ्लीस असेल तर फक्त विंडचीटर घ्या.

लेबलवर ‘१०,००० एमएम’ असा आकडा दिसेल. कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं, याचं ते माप. ते कापडाचं, शिवणीचं नाही. शिवणीवर आतून टेप नसेल तर पाणी तिथून शिरणार. तसंही हिवाळ्यात सह्याद्रीत पाऊस क्वचितच. त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. हिमालयात जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

तरी मोह झालाच, तर ऑनलाइन मागवू नका. दुकानात भरलेली सॅक घेऊन जा. जॅकेटवर सॅक चढवा, हात डोक्यावर न्या, चेन टोचते का बघा. मग डोळे मिटून एका हाताने बाही काढून बघा.

सकाळी गारठ्यात बाइकने ऑफिसला जाणाऱ्यांना मात्र हे जॅकेट चालेल. दुपारी ऊन तापलं की बाह्या बॅगेत. फक्त दोन्ही घरी परत आणा. माझी डावी अजून सापडलेली नाही.