भंगारातला न दिसणारा धोका

अणुकचरा म्हटले की तारापूर आणि तुर्भे आठवते. नगरच्या वस्तीत राहून त्याची काळजी आपण कशाला करायची, असे वाटणे साहजिक आहे. तारापूरला अतिधोकादायक कचरा काचेत मिसळून, पोलादी डब्यात बंद करून, जाड भिंतींच्या आत ठेवतात. गळती झाली तर, भूकंप झाला तर काय, याचा हिशेब आधी मांडतात. तो मांडलाच पाहिजे. पण 2010 साली दिल्लीत किरणोत्सर्गाने एका कामगाराचा जीव गेला, तो अणुभट्टीत नव्हे, भंगाराच्या बाजारात.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 असलेले एक यंत्र 1985 पासून बंद पडून होते. फेब्रुवारी 2010 मध्ये ते लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारवाल्यांकडे पोहोचले. आत काय आहे, हे ते तोडणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते. पुढे कामगारांची कातडी काळी पडली, केस गळाले. अनेकांना रुग्णालयात ठेवावे लागले. एप्रिलमध्ये एकाचा मृत्यू झाला. कोबाल्ट-60 ची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. म्हणजे 1985 साली होती त्याच्या साधारण सत्ताविसावा भागच उरला होता. तेवढाही जीवघेणा ठरला.

आपल्या महाराष्ट्रातही असा धागा सापडला आहे. 2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 आढळला. शोध घेतला तेव्हा त्या पोलादाचे मूळ खोपोलीच्या एका ओतशाळेत निघाले. भंगारातला कोबाल्ट तिथे लोखंडासोबत वितळला होता.

अपघात होण्याची शक्यता किती आणि झाला तर नुकसान किती, हे दोन प्रश्न तज्ज्ञ विचारतात. माझा तिसरा प्रश्न आहे: नुकसान कोणाचे? यंत्राचा उपयोग विद्यापीठाला, दवाखान्याला, कारखान्याला होतो. ते निकामी झाले की शेवटचा हात भंगार वेचणाऱ्याचा लागतो. हे काम पिढ्यानपिढ्या कोणाच्या वाट्याला आले, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. संस्थेच्या फाटकापाशी संपणारे जोखमीचे मोजमाप अर्धेच आहे. किरणोत्सर्गी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम 1987 पासून आहेत. कमी पडते ती अंमलबजावणी.

कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून लासलगावला कोबाल्टचे किरण वापरतात. कर्करोगाच्या उपचारात आणि वेल्डिंग तपासायलाही किरणोत्सर्गी पदार्थ लागतात. ही साधने उपयोगाची आहेत, ती बंद करा असे मी म्हणत नाही. जुनी यंत्रे लिलावात काढताना आत किरणोत्सर्गी पदार्थ नाही, असा लेखी दाखला संस्थेने द्यावा. जिल्हा प्रशासनाने भंगार दुकानांत धोक्याच्या चिन्हाचे मराठी फलक लावावेत आणि कचरावेचकांना शिकवावे. वस्तीतल्या मंडळांनी ही मागणी लेखी द्यावी.

तोवर घरात एवढे पाळा. पिवळ्या पाटीवर पंख्याच्या तीन पात्यांसारखे चिन्ह दिसले तर त्या वस्तूला हात लावू नका. चिन्ह पुसलेले असू शकते, म्हणून आकाराने लहान पण विलक्षण जड अशी शिशाची किंवा पोलादी डबी फोडू नका, कापू नका, तापवू नका. ती जिथे आहे तिथेच राहू द्या, मुलांना लांब न्या आणि 112 वर कळवा. भंगार घराच्या अंगणात निवडू नका. भंगारकाम करणाऱ्याला उलट्या झाल्या, भाजल्यासारखे डाग उठले किंवा केस गळू लागले, तर डॉक्टरांना आजाराबरोबर आपले कामही सांगा. मायापुरीच्या कामगारांना हे आधी सांगायला कोणी नव्हते. आपल्या वस्तीत तसे होऊ नये.