क्लॅम्प कमी, पण समांतर

क्लॅम्प कितीही असले तरी कमीच पडतात म्हणे. पटतंय, पण म्हणून स्वस्तातले डझनभर घ्यायचे? मी घेतले. सागवानी फळ्या फेविकॉल लावून एफ-क्लॅम्पने आवळल्या. दाबाने जबडे किंचित तिरके झाले आणि सकाळी बघतो तर टेबलाला मस्त बाक! सागवानाचा भाव आठवून पोटात गोळाच आला.

पॅरलल क्लॅम्पचे जबडे आवळल्यावरही दांड्याशी काटकोनात राहतात. पैसे त्याचेच. माझं ऐकाल तर दोन ६०० मिमीचे, दोन १००० मिमीचे घ्या, सुरुवातीला बास. जोडीनेच घ्या, चौकट जोडताना एकट्याने भागत नाही. आणि जीव खाऊन आवळू नका हो, सगळा फेविकॉल बाहेर येतो.

असो. ते बाकदार टेबल सध्या बाल्कनीत कुंड्या सांभाळतंय.