पार्वती आणि मोहिनी

‘राजा हरिश्चंद्रा’तील तारामतीची भूमिका अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली, ही हकीकत ३ मे, म्हणजे त्या चित्रपटाच्या प्रदर्शनाचा दिवस, जवळ आला की दरसाल कोठे ना कोठे छापून येते, आणि १९१३ साली पडद्यावर उभी राहावयास गणिकाही राजी होईनात, म्हणून दादासाहेब फाळक्यांना एका उपाहारगृहातील स्वयंपाक्याला लुगडे नेसवावे लागले, हे वाचून आपण त्या काळाला हसतो व समाधानाने पान उलटतो. हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. पान उलटण्याबद्दल आहे. कारण लगोलग फाळक्यांनी नाशिकच्या मुक्कामी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला, त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, त्यांची अवघी तेरा-चौदा वर्षांची कन्या कमला मोहिनी झाली, आणि ज्या कामाला सारा गाव नाक मुरडीत होता ते एका घरच्या मायलेकींनी निमूटपणे केले.

या दोघींना ‘क्रांतिकारक’ म्हणण्याची अलीकडे चाल पडली आहे. मला तो शब्द येथे पोशाखी वाटतो. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झालेल्या, पदरी लहान मुलगी, आणि चरितार्थासाठी धरलेली फिरत्या नाटक मंडळीची वाट. अशा स्त्रीला आप्तांच्या चुलीपाशी आश्रित होऊन बसणे किंवा परघरी राबणे याखेरीज समाजाने दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता, आणि हे दोन्ही नाकारून तिने तोंडाला रंग लावला तो पोटासाठी. पोटासाठी केलेल्या गोष्टीला धैर्य लागत नाही, असे मात्र कोणी समजू नये.

यात एक गंमत आहे, ती फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. मोहिनी म्हणजे स्त्रीरूप घेतलेला विष्णू. म्हणजे पडद्यावर खरीखुरी मुलगी प्रथम अवतरली तीही स्त्रीवेशातील पुरुषाच्याच भूमिकेत! पुढे कमलाबाईंचा विवाह झाला तो रघुनाथराव गोखल्यांशी. आणि हे गृहस्थ किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करणारे नट. ज्या पेशात पुरुष बायकांची कामे करीत होते तेथे त्यांची जागा घ्यावयास आलेली मुलगी त्यांच्यापैकीच एकाची सहधर्मचारिणी झाली, आणि गोखले बंधूंच्या मंडळीत पतीबरोबर रंगभूमीवर उभी राहिली. एवढ्यावर विधीचे समाधान झाले नाही. वयाच्या पंचविशीच्या सुमारास, पदरी दोन मुलगे व तिसरे पोटात असताना, कमलाबाईंना वैधव्य आले; त्या काळच्या विधवेने कोनाड्यात बसावे हा रिवाज, पण बाई बिऱ्हाड उचलून पुन्हा रंगमंचावर गेल्या, आणि प्रसंगी पुरुषपार्टही करू लागल्या. आईने केला होता तोच हिशेब लेकीने केला. दोघींच्या नात्यात वात्सल्य किती नि तालमीचा धाक किती, हे बाहेरच्याने कसे सांगावे? इतके मात्र दिसते, की उदरनिर्वाहाची ही विद्या आईकडून मुलीकडे वारसाहक्काने आली, व इस्टेट म्हणून दुसरे काही आले नाही.

ती तिने वाढविली. मुलांपैकी चंद्रकांत गोखले नट झाले, लालजी व सूर्यकांत तबलावादक झाले, आणि नातू विक्रम गोखले यांना तर घरोघर ओळखतात. परंतु ‘कोणाची आजी’ या नात्याने कमलाबाईंचा उल्लेख होताना ऐकला की मला हा उलटा वंशवृक्ष वाटतो.

‘मोहिनी भस्मासुर’ आज पाहावयास मिळत नाही. त्या मुलीचे नृत्य कसे होते हे आपल्यापैकी कोणीच पाहिलेले नाही. वृद्धापकाळी मात्र रीना मोहन यांनी ‘कमलाबाई’ नावाचा माहितीपट त्यांच्यावर केला, त्यात त्या स्वतः बोलतात. वाचकांना एकच विनंती आहे. नाशिक-पुण्याकडील कोणाच्या माळ्यावर नाटक मंडळ्यांच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या, करारपत्रे, हस्तपत्रके पडून असतील, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला एकवार दाखवावी.