फोर-लोची गोडी

फोर-बाय-फोर फॉर्च्युनर वेल्ह्याकडच्या बैलगाडीच्या वाटेला लावली आणि दोन टनांहून जड गाडी इतकी जपून पावलं टाकते हे पाहून हरखून गेलो. फोर-लो, म्हणजे चारही चाकांची कमी वेगाची जोडणी, टाकून पहिल्या गिअरमध्ये सोडली, की उतारावर ब्रेकवर पाय ठेवावाच लागत नाही. इंजिनच तिला धरून ठेवतं. दगड न् दगड स्टिअरिंगमधून तळहाताला कळतो. वेगाची हौस तिथंच फिटली. ओढा आला की आधी खाली उतरून काठीनं तळ चाचपायचा, मगच गाडी घालायची. मात्र मळलेली वाट सोडून सड्यावर, म्हणजे कासच्या पठारासारख्या कातळपठारावर, चाकं नेणं मला अजिबात मान्य नाही. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे. तिथं कातळावर मातीचा थर अगदी पातळ, आणि फुलं त्यावरच जगतात. म्हणूनच या अंकात गाड्यांइतकीच जागा वाटांना दिली आहे.