व्हिसा गुणवत्तेला की ठेवीला?

वसई-विरारच्या कामगाराच्या मुलाला परदेशी विद्यापीठ गुण विचारते. व्हिसा मात्र ठेव विचारतो. ब्रिटनच्या नियमानुसार शुल्क व निर्वाहाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. जेथे पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, तेथे ही अट म्हणजे प्रवेशबंदीच होय! उरते कर्ज, पण मोठ्या कर्जाला बँका बहुधा तारण मागतात, आणि भाड्याची खोली तारण ठेवता येत नाही. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. आज महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या वर्षाकाठी ७५ विद्यार्थ्यांपुरती आहे. संस्थानिकाने ओळखलेले कर्तव्य लोकशाही शासनाने इतक्यावरच भागवावे काय? श्रमिकांच्या गुणवत्तेला शासनाने जामीन राहिलेच पाहिजे.