पळायचं कधी, ते आधी ठरवा
कर्जतच्या रिसॉर्टांत कंपन्यांची माणसं दोरीवर लोंबकळत संकटात डोकं थंड ठेवायला शिकतात. शिकोत बापडी, खरं संकट हार्नेस बांधायला वेळ देत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बहुतेक वाडी झोपेत होती. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. शाळेत मोबाइलवर खेळत जागी असलेली काही पोरं मात्र वाचली. डोंगरावरच्या या वाडीला गाडीरस्ता नव्हता, जेसीबी चढेना. भर पावसात बचावपथकं कुदळ-फावड्यांनी चिखल उपसत होती. आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती! तेव्हा यादीच्या भरवशावर बसू नका. ओढ्याचं पाणी एकाएकी गढुळलं किंवा आटलं, दार चौकटीत अडकू लागलं, अंगणात नवी भेग दिसली, की निघायचं. तलाठ्याच्या निरोपाची वाट बघायची नाही. आजीला पाठीवर कोण घेणार, गुरांची दावी कोण सोडणार, जमायचं कुठे, हे पाऊस लागायच्या आधीच घरात बोलून ठेवा. अंधारात, वीज गेलेली असताना, निम्मी माणसं चपला शोधतात आणि उरलेली कागदपत्रांच्या पिशवीसाठी मागे फिरतात.