सरकीच्या बॅगेचा भाव आणि साहेबांचा पगार

काल कृषी केंद्रावर सरकीच्या पाच बॅगा घेतल्या, ९०१ रुपयांची एक. मागे उभा असलेला म्हणाला, "रॉयल्टी तं बंद झाली म्हणते, मंग भाव कायले वाढते?" तिथं उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

२०१५ पर्यंत बोलगार्ड-२ च्या बॅगेमागं साधारण १६३ रुपये रॉयल्टी मोन्सँटोच्या भारतातल्या भागीदार कंपनीला जायची. देशी बियाणे कंपन्यांनी ती थकवली, मोन्सँटोनं नुझिवीडूचा परवाना रद्द केला आणि भांडण कोर्टात गेलं. मार्च २०१६ मध्ये केंद्रानं बॅग ८०० वर आणि रॉयल्टी ४९ वर आणली. पुढं ३९, मग २०, आणि २०२० पासून शून्य. दिल्ली हायकोर्टानं २०१८ मध्ये पेटंटच अवैध ठरवलं, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला, २०२१ मध्ये दोघांनी आपसात मिटवून घेतलं. रॉयल्टी शून्य झाली त्या वर्षी बॅग ७३० ला होती. त्यानंतर वाढलेला एकही रुपया रॉयल्टीचा नाही, एवढं त्या भाऊला सांगायचं राहिलं.

आता तिकडचं बघा. आपली रॉयल्टी ४९ झाली त्याच २०१६ साली बायरनं मोन्सँटोचा शेअर १२८ डॉलरला घ्यायचं ठरवलं, मे महिन्यातल्या भावापेक्षा ४४ टक्के जास्त देऊन. मोन्सँटोच्या साहेब लोकांकडंही शेअर होतेच, त्यांचंही भलं झालं. कोर्टात मात्र बाजू मांडताना संशोधनाचा मोबदला हाच मुद्दा. मोबदला मिळावा, मी त्याच्या विरोधात नाही. पहिल्या काही वर्षांत बीटीनं माझ्या फवारण्या खरंच कमी केल्या होत्या. पण २०१७ ला आमच्या पऱ्हाटीत बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, आणि वेचणीला निम्मा कवडी कापूस. त्या वर्षी विदर्भात घरोघरी हेच होतं. गुण संपला म्हणून कुणा साहेबाचा बोनस कापल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

बायरच्या शेअरवाल्यांचीही गत फार वेगळी नाही. तिथं नुकसान कापसानं नाही, अमेरिकेतल्या राउंडअपच्या खटल्यांनी केलं. सौद्याआधी शंभर युरोच्या आसपास असलेला शेअर २०२४ मध्ये तिसाच्या खाली. लाभांश २.४० युरोवरून ०.११ वर. एप्रिल २०१९ च्या सभेत ५५ टक्के मतं व्यवस्थापनाच्या विरोधात गेली, तरी देखरेख मंडळानं त्याच रात्री बाऊमान साहेबांच्या पाठीवर हात ठेवला. २०२२ मध्ये पगाराच्या अहवालाला सुमारे ७६ टक्के विरोध झाला. पण ते मत सल्ल्यापुरतंच. साहेब २०२३ पर्यंत खुर्चीवर.

काही मित्र म्हणतात, सरकारनं रॉयल्टी दाबली म्हणून नवं तंत्र आलं नाही. त्यात तथ्य आहे. २०१६ मध्ये मोन्सँटोनं तणनाशकाला टिकणाऱ्या कापसाचा अर्ज मागं घेतला, आणि आज गावात तेच बियाणं चोरून, बिनापावतीचं विकलं जातं. उगवलं नाही तर तक्रार कुठं करणार? म्हणून माझं मत असं, रॉयल्टी पुन्हा द्यायची वेळ आली तर ती गुणाशी बांधा. अळी मरते तोवर पैसे, मरत नाही त्या हंगामाला माफ. आणि साहेबाचा बोनसही त्याच दोरीनं बांधा. शेअरवाल्यालाही हे परवडेल, कारण आपण बियाणं सोडलं की त्याचाही लाभांश जातो.

अवंदा फरदड ठेवली नाही. कामगंध सापळे आणून ठेवलेत, पाऊस झाला की डोबणी. तुमच्याकडं बॅग किती रुपयाला मिळाली आणि पावती मिळाली का, ते खाली लिहा.